विजयाचा आनंद आणि पंचांचा दंड

हरलेल्या मनुष्याच्या रागास शासन असावें कीं नसावें, ह्याविषयीं समंजस लोकांत फारसा वाद होत नाहीं. २०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, तेव्हां एका नामांकित मल्लानें निकाल न पटल्यामुळें पंचांस लाथ मारली, आणि अंतिम कुस्तींत आपल्या सोलापूरच्या मल्लानेंहि पंचांशीं वाद घालून मैदान सोडलें. कुस्तीगीर संघानें दोघांसहि तीन वर्षांची बंदी घातली. पहिल्या कुस्तीचा निकालच चुकला होता असें पुष्कळांस वाटलें, आणि आपल्या जिल्ह्याच्या पठ्ठ्याविषयीं आपणांस हळहळ वाटावी हेंहि साहजिक आहे. तरी पंचांवर पाय उगारणारास मोकळें सोडावें असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं.

परंतु जिंकलेल्या मनुष्याच्या हर्षाचें काय? ज्यानें नियमाप्रमाणें खेळून, कोणास न फसवितां, विजय मिळविला, त्यानें त्यानंतरच्या पांच मिनिटांत आनंदाच्या भरांत कांहीं केलें, तर त्याबद्दल पंचांनीं त्यास दंड करावा काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. पण ज्या वाचकांच्या गांवीं बैलगाड्यांची शर्यत झाली आहे, आणि शर्यतीपेक्षां तिच्या मागून निघालेल्या मिरवणुकीनेंच ज्यांच्या गांवांत दोन तट पाडले आहेत, त्यांस तो क्षुल्लक वाटणार नाहीं.

हा प्रश्न आपल्या देशाच्या भूमीवर एकदां फार ठळकपणें उभा राहिला होता, म्हणून आधीं तीच हकीकत सांगतों. दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथें मोटारींच्या शर्यतींसाठीं बांधलेला एक मार्ग आहे. त्याचें नांव बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. त्याची एक फेरी पांच किलोमीटरांहून किंचित् अधिक भरते. फॉर्म्युला वन ह्या नांवानें ज्या अतिवेगवान मोटारींच्या शर्यती जगभर होतात, त्यांपैकीं तीन तेथें २०११, २०१२ व २०१३ ह्या सालीं झाल्या. पुढें कराच्या तंट्यांत व इतर अडचणींत त्या बंद पडल्या. तिन्ही वेळां जिंकला तो एकच मनुष्य, जर्मनीचा सेबास्टियन फेटेल. २७ ऑक्टोबर २०१३ रोजीं तिसरी शर्यत जिंकतांच त्याचें लागोपाठ चौथें जगज्जेतेपद निश्चित झालें. वय अवघें सव्वीस.

नियम असा आहे कीं, शर्यत संपल्यावर चालकानें आपली गाडी सरळ एका राखलेल्या आवारांत आणून उभी करावी. फेटेलनें तसें केलें नाहीं. मुख्य प्रेक्षकवर्गासमोर तो थांबला. गाडी जागच्या जागीं गरगर फिरवून चाकांच्या धुरानें त्यानें सारा रस्ता भरून टाकला. मग खालीं उतरून गाडीपुढें गुडघे टेकले आणि दोन्ही हात लांब करून तिला नमस्कार केला. आणि शेवटीं कुंपणाच्या जाळीकडे धांवत जाऊन आपले हातमोजे लोकांत भिरकावले. लोक हर्षानें वेडे झाले. त्याच वर्षीं इटलींत व सिंगापुरांत तो जिंकला असतां प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या परक्या देशांतील लोकांचें प्रेम त्यास किती गोड लागलें असेल ह्याची कल्पना येते. आणि गाडीपुढें वांकण्याची ती कृति तर आपल्या शेतकऱ्यांस मुळींच परकी वाटू नये. वर्षभर राबलेल्या बैलाच्या मानेवरून हात फिरवून डोळे पुसणारा मनुष्य आपणांपैकीं कोणी पाहिला नाहीं?

पंचांनीं फेटेलला ठपका दिला, आणि त्याच्या रेड बुल नामक संघास पंचवीस हजार युरो, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें एकवीस लाख रुपये, दंड केला.

हें वाचून प्रथम मनांत येतें तें असें कीं, पंच किती कोरड्या काळजाचे! परंतु घाई करूं नये. तो नियम कशासाठीं आहे तें पाहिलें पाहिजे. ह्या मोटारींस वजनाची एक मर्यादा असते. चालकासकट पण इंधनावांचून गाडी त्याहून हलकी भरतां कामा नये. २०१३ सालीं ही मर्यादा ६४२ किलो होती. हलकी गाडी वेगानें धांवते, म्हणून वजनांत चोरी करण्याचा मोह सर्वांस सारखाच. शिवाय शर्यतीच्या मार्गावर झिजलेल्या चाकांच्या रबराचे तुकडे पसरलेले असतात. शर्यत संपल्यावर चालक मुद्दाम त्यांवरून गाडी नेतात, म्हणजे ते तुकडे चाकांस चिकटून वजन थोडें वाढतें. चालकाचेंहि वजन त्याच्या पोशाखासकट होतें. तेव्हां वाटेंत थांबून, खालीं उतरून, अंगावरील वस्तु लोकांत फेकून मग कांट्यावर जाणें म्हणजे कांट्याविषयीं संशयास जागा ठेवणें होय. फेटेलच्या मनांत कपट होतें असें कोणीहि म्हटलें नाहीं. पण नियम एकट्या फेटेलकरितां केलेला नसतो. उद्यां हाच आनंद पुढें करून कोणी चोर आपली चोरी झांकील, त्याच्याकरितांहि तो असतो.

आमच्या सोलापूरच्या बाजार समितींत कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. गोणी गाडींतून उतरल्यापासून कांट्यावर चढेपर्यंत तो तिच्याजवळून हलत नाहीं, आणि वजनाआधीं तिला कोणी हात लावलेला त्यास खपत नाहीं. हात लावणारा हंसत होता कीं रडत होता, ह्याची चौकशी तो करीत नाहीं. कांटा हा गरिबाचा कैवारी आहे, आणि त्याच्यापुढें सर्वांनींच थोडें अवघडून उभें राहावें हें बरें.

अमेरिकेंत तर ही शंका उघड बोलली गेलेली आहे. तेथें नॅस्कार नांवाच्या शर्यतींत जिंकलेला चालक गाडी जागच्या जागीं ठेवून मागचीं चाकें इतकीं फिरवितो कीं, धुराचे लोट उठतात व पुष्कळदां टायर फुटतात. फुटलेल्या टायराच्या चिंध्या आपटून गाडीचा मागचा पत्रा फाटतो. आणि मग त्या पत्र्यांत नियमाबाहेरचा कांहीं फेरफार केला होता कीं काय, हें तपासणारास कळावें कसें? २०१७ सालीं डेल अर्नहार्ट ज्युनियर ह्या तिकडच्या अत्यंत लोकप्रिय चालकानेंच, अधिकाऱ्यांनीं ह्याचा कांहीं बंदोबस्त करावा, असें मत दिलें. उलट त्याच शर्यतींत रॉस चॅस्टेन नांवाचा एक चालक आहे. त्याचें घराणें पिढ्यान् पिढ्या कलिंगडें पिकविणारें. तो जिंकला म्हणजे गाडीवर चढतो आणि एक कलिंगड रस्त्यावर आपटून फोडतो. ह्यांत कोणाचा कांटा बिघडत नाहीं, कोणताहि पुरावा नष्ट होत नाहीं. मागाहून कोणास तरी रस्ता झाडावा लागतो एवढेंच. दोघेहि आनंदच करतात, आणि आवाजहि दोघांचा मोठाच असतो. पण एक परीक्षेच्या आड येतो, दुसरा येत नाहीं.

मग नोइडाच्या पंचांनीं केलें तें योग्य झालें काय? माझें मत असें आहे कीं, ठपका योग्य होता, दंड योग्य नव्हता. आनंदाकरितां नियम मोडला गेला ही गोष्ट नोंदली जाणें अवश्य होतें; तेवढ्यानें कांट्याचा मान राहिला असता. पण पंचवीस हजार युरो ही रक्कम कोणास जड? ज्या संघाचा वर्षाचा खर्च कोट्यवधि युरोंच्या घरांत जातो, त्यास हा दंड म्हणजे शासन नव्हे, तें आनंदाचें तिकीट होय. ज्याला परवडेल त्यानें तें काढावें! गरीब संघाच्या चालकास मात्र तेवढ्याच आनंदासाठीं दहा वेळां विचार करावा लागेल. शासन असें असावें कीं तें श्रीमंतास व गरिबास सारखें बोंचेल. शिवाय पुढच्याच रविवारीं अबू धाबी येथें फेटेल पुनः जिंकला, त्यानें पुनः गाडी गरगर फिरविली, आणि ह्या वेळीं कांहीं दंड झाला नाहीं. गाडी कोठें थांबविली, खालीं उतरला कीं नाहीं, असे भेद जाणत्यांस सांगतां येतील. परंतु पाहणारास एवढेंच दिसलें कीं, एका रविवारचा गुन्हा दुसऱ्या रविवारीं गुन्हा राहिला नाहीं. पंचांची आज्ञा अशी डळमळीत दिसूं लागली म्हणजे लोक नियमाकडे न पाहतां पंचांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

ह्या शर्यतींच्या चालकसंस्थेस पुढें हें उमगलें असावें. कारण नंतरच्या नियमांत विजयी चालकास, आवारांत पोंचण्यापूर्वीं, आनंद प्रकट करण्याची मोकळीक दिलेली आहे. अट इतकीच कीं, तो सुरक्षितपणें करावा व त्यानें दुसऱ्या चालकांस किंवा अधिकाऱ्यांस धोका होऊं नये, गाडी नियमांत होती कीं नाहीं ह्याविषयीं संशय उत्पन्न होऊं नये, आणि बक्षीससमारंभास विलंब लागूं नये. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. त्यांत आनंदाचें माप घेतलेलें नाहीं. आनंदाच्या पायाखालीं दुसऱ्याचें काय तुडविलें जाईल, तेवढेंच मोजलेलें आहे.

येथें आपल्यांतील कांहीं वडील मंडळींचा आक्षेप मला ऐकूं येतो. ते म्हणतील कीं, मोठ्या मनुष्यानें विजय मिळाल्यावर नाचावें, लोळावें, सदरे फाडावे, हीच मुळीं थिल्लरपणाची गोष्ट आहे. गंभीरपणा शिकविण्यासाठीं तरी दंड असावा. असा विचार करणारे लोक थोर पदांवरहि आढळतात. २००८ सालीं बीजिंग येथें उसेन बोल्ट शंभर मीटरांची शर्यत ९.६९ सेकंदांत धांवला, आणि रेघ ओलांडण्यापूर्वींच दोन्ही हात पसरून, छातीवर हात आपटून मोकळा झाला. तेव्हां ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष जाक रोग ह्यांनीं, ह्या तरुणानें प्रतिस्पर्ध्यांविषयीं अधिक आदर दाखवावयास पाहिजे होता, असा त्यास बोल लावला. जमेकासारख्या लहानशा बेटांतील एकवीस वर्षांच्या तरुणानें जगांत सर्वांत वेगवान ठरल्यावर काय करावें, हें त्यास कोणी शिकविलें होतें? पवित्र शास्त्र वाचणारांस अशा वेळीं दावीद राजाची आठवण होईल. कराराचा कोश यरुशलेमांत आणतांना तो सर्व लोकांदेखत नाचला, आणि खिडकींतून पाहणाऱ्या मीखलेच्या मनांत त्याच्याविषयीं तिरस्कार भरला. त्या कथेंत दोष कोणाच्या पदरीं आला हें आपणांस ठाऊक आहे. दुसऱ्याच्या आनंदाकडे खिडकींतून पाहून नाक मुरडणें ही सभ्यता नव्हे. जो मनुष्य वर्षानुवर्षें पहांटे उठून, घाम गाळून, पडून, पुनः उठून येथवर आला, त्याच्या अंगांतून हर्ष बाहेर पडलाच पाहिजे; तो दाबून टाकावयास लावणारा पंच खेळाचा रक्षक नव्हे.

आपल्या इकडची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळवून खाशाबा जाधव कऱ्हाडास परतले, तेव्हां शंभरांहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीनें लोकांनीं त्यांस गोळेश्वर गांवीं नेलें, आणि थोड्या वेळाची ती वाट तासन् तास पुरली. एका शेतकऱ्याच्या मुलासाठीं सारा मुलूख रस्त्यावर आला. त्या हर्षांत पराभूत कोण होतें? कोणीच नाहीं. निदान त्या रस्त्यावर तरी नव्हतें. असा आनंद कितीहि मोठा असो, त्यावर दंड बसविण्याची कल्पनाहि कोणाच्या मनांत येणार नाहीं.

म्हणून माझ्या मतें खरी कसोटी आनंद किती मोठा ही नव्हे, तर त्याचें तोंड कोणाकडे आहे ही होय. ३ फेब्रुवारी २००२ रोजीं मुंबईस वानखेडे मैदानावर इंग्लंडनें भारतास अवघ्या पांच धावांनीं हरविलें. शेवटचें षटक टाकणारा अँड्र्यू फ्लिंटॉफ सदरा काढून मैदानभर धांवला. आपल्या लोकांच्या ते जिव्हारीं लागलें. पांच महिन्यांनीं, १३ जुलै रोजीं, लंडनच्या लॉर्ड्स मैदानाच्या सज्जांत उभें राहून सौरव गांगुलीनें आपला सदरा काढून हवेंत गरगर फिरविला, आणि साऱ्या देशानें टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजविणारांत पुष्कळ भले लोक होते. पण ज्यानें आपणांस मुंबईंत दुखविलें त्याची परतफेड झाली, हीच त्या टाळ्यांची गोडी होती. एका चिडविण्यानें दुसरें चिडविणें जन्मास घातलें. आणि तोच फ्लिंटॉफ पाहा: ७ ऑगस्ट २००५ रोजीं एजबॅस्टन येथें इंग्लंडनें ऑस्ट्रेलियास अवघ्या दोन धावांनीं हरविलें, तेव्हां तो शेवटपर्यंत झुंजलेल्या व आतां खालीं मान घालून बसलेल्या ब्रेट ली ह्याच्याजवळ जाऊन वांकला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या सामन्यांतील चेंडू व धावा लोक विसरले असतील. तें चित्र विसरले नाहींत. मनुष्य तोच, विजय तसाच निसटता. फरक एवढाच कीं, ह्या वेळीं त्यास दुसऱ्याचा चेहरा दिसला.

पंचांपुढें आतां खरी अडचण उभी राहते. मनुष्याच्या अंतःकरणांत शिरून हा हर्ष आहे कीं हिणविणें आहे, हें त्यांनीं ओळखावें कसें? फुटबॉलच्या नियमकर्त्यांनीं ह्या अडचणींतून एक सोपी वाट काढली: २००४ सालापासून गोल केल्यावर जो सदरा काढील त्यास पिवळें कार्ड. मग तो कोणास चिडवीत असो कीं आईच्या आठवणीनें रडत असो. नियम स्पष्ट आहे हें खरें, पण कुऱ्हाडीनें नखें काढावीं तसा आहे. अंतःकरण पाहतां येत नसलें तरी कृति पाहतां येते, आणि पंचांनीं तेवढीच पाहावी. २०२५ सालच्या आय.पी.एल. सामन्यांत लखनौ संघाचा दिग्वेश राठी हा तरुण गोलंदाज बाद झालेल्या फलंदाजाच्या जवळ जाई, आणि आपल्या तळहातावर त्याचें नांव लिहून घेतल्याचा आविर्भाव करी. प्रथम त्यास मानधनाच्या पंचवीस टक्के दंड झाला. मग पन्नास टक्के. आणि तरीहि जेव्हां वाद थांबेना, तेव्हां एक सामना बंदी. हा निकाल मला न्याय्य वाटतो. तो मुलगा मैदानाच्या मध्यावर उभा राहून आकाशाकडे पाहत वाटेल तितकें लिहिता, तर त्यास कोणी बोलावयाचें कारण नव्हतें. पण तो बाद होऊन परत जाणाऱ्याच्या वाटेंत गेला. जो आधींच हरला आहे, ज्यास आतां उत्तर देण्याचीहि सोय नाहीं, त्याच्या अंगावर आपला विजय नेऊन घालणें ही दुसरी मार आहे, आणि दुसरी मार खेळांत मोडत नाहीं. आणि पाहा, पैशाच्या दंडानें जें दोनदां झालें नाहीं त्यासाठीं शेवटीं एक दिवस बाहेर बसविणेंच लागलें.

ह्याहून भयंकर एक प्रकार आहे, त्यांत खेळाडूचा दोष नसतो, पण किंमत मात्र प्राणांची पडते. ३ जून २०२५ रोजीं बंगळूरच्या संघानें आय.पी.एल. चें विजेतेपद पहिल्यानेंच मिळविलें. दुसऱ्या दिवशीं बंगळूरास चिन्नस्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवासाठीं लोटलेल्या गर्दींत चेंगराचेंगरी होऊन अकरा माणसें मेलीं. तीं आनंद करावयास आलेलीं होतीं. येथें दंडाचा प्रश्न चालकाकडे किंवा खेळाडूकडे नेऊन भागत नाहीं. ज्यांनीं लोकांस बोलाविलें, ज्यांनीं वाटा मोजल्या नाहींत, घाईघाईनें समारंभ ठरविला, त्यांच्याकडेच तो गेला पाहिजे. शर्यतीचे पंच धूर काढणाऱ्या एका गाडीकडे बोट दाखवितात. हजारों लोकांस एका दारांतून आंत घेणाऱ्या व्यवस्थापकाकडे पुष्कळदां कोणीच बोट दाखवीत नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. बैलगाड्यांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयानें बंद झाल्या. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं कायद्यांत बदल केला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें तो कायदा ग्राह्य धरला. त्यामुळें सातारा-सांगलीकडे, तसेंच आपल्या जिल्ह्यांत माळशिरस-सांगोल्याच्या बाजूस, ह्या शर्यती पुनः रीतसर भरूं लागल्या. ह्या शर्यती असाव्या कीं नसाव्या हा प्रश्न निराळा आहे, आणि त्यावर आपल्या मंडळ्यांत मतभेद आहेत. तो येथें घेत नाहीं. पण ज्या अर्थीं त्या भरतात, आणि आपलींहि घरें त्यांत बैल उतरवितात, त्या अर्थीं निशाण पडल्यानंतर काय होतें तें पाहणें आपणांस भाग आहे.

बैलास चाबूक मारूं नये, विजेचा धक्का देऊं नये, ह्या अटी धांवेपुरत्या सर्वांच्या तोंडीं असतात. धांव संपली कीं जणूं नियमहि संपला असें धरून चालतात. बैल अजून धापा टाकीत असतो, त्याच्या कुशी भात्यासारख्या हालत असतात, तोंच माणसांचा लोंढा त्याच्यावर येऊन आदळतो. गुलालाच्या मुठी त्याच्या डोळ्यांत व नाकपुड्यांत जातात. कर्णे कानाशीं आणून लावतात. त्यास पाणी दाखवावें, सावलींत न्यावें, हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं; कारण सर्वजण त्याच्याच नांवानें ओरडण्यांत गुंतलेले असतात! ज्यानें शर्यत जिंकली तोच एकटा ह्या आनंदास मुकतो.

आणि संध्याकाळीं मिरवणूक निघते. तिची वाट सरळ घराकडे जात नाहीं. ती वळसा घालून हरलेल्याच्या दारापाशीं येते, आणि तेथें येऊन नेमकी थांबते. हलगीचा ठेका तेथेंच चढतो, गुलाल तेथेंच उंच उडतो, आणि दाराच्या आंत बसलेल्या घरधन्यानें काय करावें? बाहेर यावें तर भांडण, आंत बसावें तर अपमान. त्याचीं मुलें दाराच्या फटींतून पाहत असतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतरहि हाच प्रकार होतो. किती गांवांत दोन भाऊबंद ह्या एका संध्याकाळपासून एकमेकांच्या लग्नास जात नाहींत, हें पाळकाचें काम करणारास चांगलें ठाऊक असतें.

तेव्हां शर्यत भरविणाऱ्या कमिटीनें व पंचांनीं काय करावें? मोठमोठे दंड लावून भागणार नाहीं. हल्लीं बक्षिसांत मोटारी व ट्रॅक्टर ठेवतात. त्यांपुढें पांच-दहा हजारांच्या दंडानें गुलाल थोडा महाग होईल इतकेंच. माझी सूचना अशी आहे कीं, पहिली जोडी सुटण्यापूर्वींच पंचांनीं सर्वांस ऐकूं जाईल असें सांगावें: जिंकलेले बैल जुंवाखालून मोकळे होऊन, पाणी पिऊन, सावलींत बांधले जाईपर्यंत बक्षीस दिलें जाणार नाहीं, आणि ज्याची मिरवणूक हरलेल्याच्या दारापाशीं थांबेल, त्याची गाडी पुढच्या वर्षीं ह्या मैदानांत घेतली जाणार नाहीं. ह्यांत गुलाल उधळण्यास मनाई नाहीं, हलगीस नाहीं, नाचण्यासहि नाहीं. रात्रभर नाचावें, पण आपल्या दारापुढें नाचावें.

ह्यावर एक शंका कोणी काढील, आणि ती वाजवी आहे. मिरवणूक कांहीं मालक एकटा काढीत नाहीं. त्याचे मेहुणे, भाचे, गल्लींतील पोरें, तीं त्यास न विचारतां हवें तिकडे वळतात. त्यांच्या उच्छृंखलपणासाठीं ह्याचा बैल वर्षभर का बसवावा? मी ह्याचें उत्तर असें देईन कीं, पंचांनीं एवढेंच विचारावें: हरलेल्याच्या दारापाशीं हलगी थांबली तेव्हां मालक कोठें होता? डोक्याला फेटा बांधून तो मिरवणुकीच्या अग्रभागीं, लोकांच्या खांद्यावर बसलेला असेल, तर बंदी त्याचीच आहे. तो गोठ्यांत बैलाचे डोळे ओल्या फडक्यानें पुशीत बसला असेल, तर नाहीं.